वरची बांगडी

कंदिलाची वात वाढवू नका रे, घासलेट काय नळातून येत नाही. आणि मध्ये मध्ये "मग काय झालं आबा" करायचं नाही. भुताखेतांना मी भीक घालत नाही, हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. पण ही गोष्ट हरेश्वराची. माझ्या भिंतीला भिंत लावून तो चौदा वर्षं राहिला, गिरणीत साच्यावर कामाला होता. आणि त्यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षं झाली. गाठीच्या तापाचं साल. माघ महिन्यात एका सकाळी अंबिकावहिनीने हरेश्वराच्या हातात पेजेचा तांब्या दिला. "भाऊजी, एवढी यांना पोचवा. म्हणावं, मंजुळा आता कुशीवर वळते."

'हे' म्हणजे महादेव कासार. खालच्या मजल्यावरचा. तुमच्या आयांना विचारा, लालबाग ते भोईवाडा त्याने बांगड्या भरल्या नाहीत असा हात दाखवा म्हणावं. उजाडायच्या आत बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून निघायचा, तो दिवेलागणीला परत. पायाला कुरूप, पण चालणं लगीनघरी निघाल्यासारखं. आणि तोंडाला तर कुलूप नाहीच. त्याचं म्हणणं, बांगडी जोराने भरत नाहीत, हसवून भरतात. "मावशी, हा हात आहे की जात्याचा खुंटा? हसा जरा. हाडं हसली की बांगडी आपली आपण जाते." बाई हसायची, हात सैल पडायचा, की गेलीच बांगडी मनगटात.

दर संक्रांतीला तो स्वतःच्या बायकोला ओसरीवर बसवून बांगड्या भरी. दोन्ही हातांना हिरव्यागार, आणि शेवटी डाव्या हातात एक वरची, आपल्या मनाची. हिरवीच, पण तांबड्या रेघेची. तसली दुसऱ्या कुणाला देत नसे. भरून झालं की बाईने कासाराला वाकून नमस्कार करायचा, ही तर रीतच आहे. वहिनी लाजत लाजत वाकायची आणि हा पठ्ठ्या हात वर करून ओरडायचा, "अखंड सौभाग्यवती भव! म्हणजे मीच शंभर वर्षं जगतो की नाही बघ!" सगळी चाळ हसायची. मीसुद्धा.

तर त्या महादेवाला काखेत गाठ आली आणि डोलीत घालून परळकडच्या तापाच्या रोग्यांच्या मांडवात नेला. मंजुळा अंगावर पिणारी, म्हणून वहिनीला जाता येईना. म्हणून हरेश्वर निघाला, पेज घेऊन.

हरेश्वर माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. आत गेलो तर आपल्यालाही ठेवून घेतील, ही धास्ती. कुंपणाशी उभा राहिला. तिथे रोग्यांच्या सामानाची होळी पेटवली होती, आणि त्या होळीत त्याला दिसली महादेवाची माळ. दोरी जळत होती, काच तडतडत होती.

आता कासार जिवंतपणी खांद्यावरची माळ दुसऱ्याच्या हाती देत नाही. हे आपल्याला माहीत. मांडवातल्या माणसांना काय माहीत? ते आल्या आल्या सगळ्यांचंच सामान जाळायचे, मेलेल्याचं आणि जित्याचंही. हरेश्वराने एका शब्दाने विचारलं असतं तर... नाही विचारलं. पेज रस्त्याकडेच्या कठड्यापाशी ओतली आणि घरी येऊन सांगितलं, महादेव गेला.

वहिनीने एकच विचारलं. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, भाऊजी?"

न पाहता परत आलो, हे कसं सांगणार? तो म्हणाला, "पाहिलं."

बायकांनी तिचं कुंकू पुसलं. बांगड्या, त्या वरचीसकट, दगडावर फोडल्या. तिने तुकडे न् तुकडे वेचून फडक्यात बांधून ठेवले.

चार दिवस गेले. माघ वद्य त्रयोदशी, शिवरात्रीची आदली रात्र. दहाव्यासाठी भटजी मिळेना. जो तो मुंबई सोडून पळालेला. भोईवाड्यात एकजण आहे असं कळलं, म्हणून हरेश्वर जेवून तिकडे गेला. परत निघायला अकरा वाजून गेले. रस्त्याला चिटपाखरू नाही. तापाने माणूस गेलेल्या घरांच्या दारांवर तांबडे गोल काढलेले.

तो कठडा आला. पेज ओतली होती, तो.

मागून किणकिण.

हरेश्वर थांबला. किणकिण थांबली.

चार पावलं चालला. किणकिण... चार पावलं.

"हरेश्वरा."

आवाज नेहमीचाच. हसरा.

"पेज आणलीस?"

...

"बस इथे. पाय दुखतात रे माझे."

आणि तो बसला. का बसला, त्याला आजही सांगता येत नाही. मान खाली. वर बघायची छाती होईना.

"डोळ्यांनी पाहिलंस म्हणे मला. मग आता बघ की."

हरेश्वराने पाहिलं नाही.

"बरं. नको बघू. हात दे."

गार बोटं. मनगटाला धरलेली. अंगठ्याचं हाड चाचपणारी. दाबणारी... कासार दाबतो तशी.

"केवढा हा हात. जात्याचा खुंटा."

...

"हस, हरेश्वरा."

...

"हस. हाडं हसली की..."

आणि हरेश्वर हसला. पोरांनो, तो हसला. मला सांगताना लहान पोरासारखा रडला, म्हणाला, "आबा, मला हसू आलं हो."

पहाटे तो माझ्या दारात उभा. डाव्या मनगटात बांगडी. हिरवी. तांबड्या रेघेची. बाईच्या मापाची. त्याचा पंजा म्हणजे फावडं, तीन बोटंसुद्धा गेली नसती त्यातून. मी साबण लावला, खोबरेल लावलं, ओढलं. कातडी सोलली, बांगडी हलली नाही.

तेवढ्यात मांडवातला माणूस निरोप घेऊन आला. महादेव कासार काल रात्री गेला. सव्वाअकराला. चार दिवस दाराकडे बघून विचारत होता, "माझ्या घरचं कुणी आलं का?"

घरचं कुणी आलंच नव्हतं. सुतक धरून बसलं होतं घर.

हरेश्वर खाली गेला. मी बरोबर होतो. वहिनीसमोर बसून त्याने सगळं सांगितलं. माळ, पेज, 'पाहिलं' म्हणाला होता ते, सगळं. मला वाटलं, ती किंचाळेल, त्याच्या झिंज्या उपटेल. उपटल्या असत्या तरी मी अडवलं नसतं. चार दिवस तिचा नवरा जिवंत होता, आणि ती त्याच्या नावाने रडत बसली होती.

तिने उठून ते तुकड्यांचं फडकं आणलं, सोडलं. एकेक तुकडा बाजूला करत गेली. सगळे हिरवे. तांबड्या रेघेचा एक कपचा नाही.

मग तिने पदर डोक्यावरून घेतला आणि हरेश्वराच्या त्या हातापुढे वाकून नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्यावर करतात तसा.

हरेश्वराने दगड उचलला. "वहिनी, फोडतो ही."

"एकदा फोडलीत, भाऊजी," ती म्हणाली. "आता राहू दे."

म्हणून राहिली. तो हल्ली करी रोडला राहतो. सदऱ्याची बाही बोटांपर्यंत ओढलेली असते. गेल्या शिमग्याला भेटलो त्याला. बोलता बोलता त्याने हात मांडीवर निश्चल ठेवला आणि म्हणाला, "आबा, ऐका."

मी ऐकलं.

तुमच्या आयाबहिणींना विचारा, हातात एकच बांगडी असली तर ती वाजत नाही. वाजायला दुसरी लागते.

त्याची वाजते.