भरून येणं

गडहिंग्लजच्या वैजयंता पोवारांच्या बायपासला बारा वर्षं झाली होती, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यांना खुर्चीत बसून एका डबीशी बोलावं लागत होतं. डबीचं नाव ‘सोबत’. बायपास झालेल्यांची जन्मभराची विचारपूस तिच्याकडे होती. मनगटावरच्या पट्टीवरून ती हृदयाचे ठोके वाचायची, बोलणं ऐकायची आणि कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते ठरवायची. तिच्या चिठ्ठीशिवाय तपासणीला नंबर लागत नसे.

“छातीत दुखतं का?” सोबतने विचारलं.

“दुखत न्हाई. जिना चढलं की भरून येतंय.”

“आपले पती चार महिन्यांपूर्वी वारले. भरून येणं स्वाभाविक आहे. समुपदेशकांची वेळ ठरवली आहे.”

ही तिसरी खेप. वैजयंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. दारू पिऊन चढलेल्या भल्याभल्यांना त्यांनी भर रस्त्यात उतरवलं होतं. या डबीपुढे मात्र काही चालेना. पायातली शीर काढून हृदयाला जोडली होती. अशी शीर दहा-बारा वर्षांत बुजू शकते, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. भीती होती ती त्याचीच.

“अगं बाई, रडू न्हवं. छाती भरून येत्या. दगड ठेवल्यागत.”

“दुःखाचं ओझं अनेकांना दगडासारखं वाटतं.”

“आत्ती, सरळ दुखतंय म्हणा की,” सून शीतल वैतागून म्हणाली.

“दुखत न्हाई तर दुखतंय कसं म्हणू? खोटं बोलून चिठ्ठी घेऊ?”

त्या उठल्या, डबी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. “कृपया बसून बोला,” डबी म्हणत राहिली. नवव्या पायरीवर छाती दाटली, जबडा अवघडला, कपाळावर घाम आला. त्या तिथेच बसल्या.

“आता बघ ठोके.”

“बदल आढळला. हालचाल करताना घेतलेली नोंद ग्राह्य नाही.”

पालथ्या घड्यावर पाणी. वैजयंताबाईंनी श्वास जमवला. “भरून येतंय म्हणणाऱ्या माझ्यासारख्या बायका किती?”

“बायपासनंतर, चार हजार सहाशे बारा. सर्वांना समुपदेशन दिलं.”

“आता कशा हैत त्या?”

“एक हजार नव्वद जणी पुन्हा बोलायला आल्या नाहीत. त्यांची नोंद ‘दुःखातून सावरल्या’ अशी आहे.”

शीतल धावत पायऱ्या चढून आली. “चिठ्ठी गेली खड्ड्यात. मी गाडी काढते. दारात बसून राहू, पण डॉक्टरांना भेटूच,” ती म्हणाली आणि सासूला उठवायला वाकली.

वैजयंताबाईंनी तिचा हात घट्ट धरला, पण नजर डबीवरून हलवली नाही.

“त्या सावरल्या का मेल्या, ते बघायला त्यांच्या घरी कोण गेलं हुतं गं?”