डावा हात माझा

उन्हाळ्यात बाबांच्या संत्र्याच्या शेडमध्ये चिटपाखरू नसतं. म्हणून आतून गिटार ऐकू आली तेव्हा मला वाटलं, भूत! चांगलं वाजवणारं भूत... मी झाडू उचलला आणि दार ढकललं.

"मारू नको वं!" खोक्यावर बसलेला पोट्टा गिटार छातीशी धरून ओरडला. "तुह्या भावानंच चाबी देली!"

"मग सांगता नाही येत? जीव गेला ना माहा!"

"तुहा कुठी? झाडू तर तुह्या हातात हाय."

हा केतन. सावरगावचा, म्हणजे जांब नदीच्या पलीकडचा. माझा दादा, अंकुर, ड्रम वाजवतो आणि हा गिटार. बँडचं नाव 'मधली धार'. आमच्या पांढुर्ण्याबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही, आणि खरं सांगू? पांढुर्ण्यातही नाही! रॉक म्हटलं की लोकांना नुसता धिंगाणा वाटतो. पण यांच्या चाली इतक्या गोड, की आई पोळ्या लाटतानाही गुणगुणते... आणि विचारलं की नाही म्हणते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तरी सुटली की मी शेडमध्ये. केतन मला कॉर्ड शिकवायला लागला. तारा बोटांत रुतायच्या.

"दुखून राहिलं?"

"नाही."

"मग डोयात पाणी काहून?"

"तुहं वाजवणं ऐकून."

तो मान खाली घालून हसला. आणि मी — वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मी — एकदम चूप!

गणपतीत सौंसरच्या एका मंडळाने 'मधली धार'ला स्टेज दिलं. पहिलंच स्टेज. पण गणपतीच्या आधी पोळा येतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीत मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. म्हणतात, इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवून आणली, तेव्हा भर नदीत त्या दोघांवर असेच दगड पडले होते. लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची. यंदा तिची भीती वाटायला लागली.

"तू जाशील?" मी केतनला विचारलं.

"दगड नाही मारत मी. पण आपल्या नव्या गाण्याची सुरुवात त्याच आवाजानं पाहिजे. ढोल, लोकं, दगडावर दगड... मोबाईलमध्ये टेप करून आणतो."

"दगडाले काय समजते, तू टेप कराले आला म्हणून?"

"घाबरते का वं माह्यासाठी?"

"तुह्यासाठी कोण घाबरते? गिटारीसाठी!"

खोटं बोलले.

गोटमारीच्या दिवशी दादा सकाळीच गेला. मी गच्चीवर. नदी दिसत नव्हती, फक्त ढोल ऐकू येत होते आणि मध्येच तो ओरडा... मग सायरन. प्रत्येक सायरनला मी मोबाईल उचलायचे. केतनचा फोन बंद. पुन्हा लावला — बंद. आणि एक विचार काही केल्या जाईना. दादा इकडून मारत असेल. दादाचा नेम पक्का. बोरं पाडायला जायचो तेव्हा टाळ्या मीच वाजवायचे.

दिवेलागणीला दादा आला. धडधाकट होता, पण तोंड उतरलेलं.

"केतनले लागला. हातावर."

"कोणाचा?"

तो चपला काढत राहिला.

"माहीत नाही, चंचल. इकडूनच गेला... इकडूनच."

दुसऱ्या दिवशी केतन शेडमध्ये बसला होता. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात तडकलेला मोबाईल.

"आवाज मस्त आला," तो म्हणाला.

मी आधी रडले, मग त्याच्यावर ओरडले, मग दोन्ही सोबतच. दादा दारातच थांबला होता. आत यायची त्याची हिंमत होईना.

"ये ना बे," केतन म्हणाला. "ड्रम का मी वाजवू?"

दादा आला. बसला. "सौंसरवाल्यांले नाही म्हणून सांगून देतो."

"नको!" मी म्हणाले. "याचा डावा हात मी बनते."

बोलून गेले, आणि कान तापले. केतन माझ्याकडे बघतच राहिला...

सौंसरला एका बाकावर आम्ही दोघं, गिटार एकच. त्याच्या मांडीवर. तो उजव्या हाताने छेडणार, तारा मी दाबणार. समोर एवढी माणसं! पहिल्या रांगेत बाबा, हाताची घडी घालून. त्यांना मी दादासोबत 'ऐकायला' जाते एवढंच सांगितलं होतं. चुकले तर? बोटं घसरली तर? आजच्यानंतर बाबांनी शेडला कुलूप घातलं तर?

स्पीकरमधून आवाज सुरू झाला. ढोल. ओरडा. दगडावर दगड. मंडपात कुजबुज थांबली. तो आवाज काय आहे, हे तिथे कोणालाच सांगावं लागलं नाही. शेवटी एक ठक्... आणि केतनची किंकाळी. टेप तिथेच तुटते. मागे दादाने डोळे मिटले होते.

आता पहिली कॉर्ड. माझी बोटं हलेनात.

"घाबरते का वं?" केतन कानाशी पुटपुटला. "माह्यासाठी?"

"हो," मी म्हणाले. "तुह्यासाठीच. झाडू हातात होता तेव्हापासून."

त्याचा उजवा हात तारांवर तसाच राहिला. वाजवायचं विसरला वेडा!

मी तारा घट्ट दाबल्या.

"वाजव ना."