दोन्ही डोळ्यांत थेंब

माघात इंदूचा डावा डोळा लाल झाला. उजेडाकडं पाहिलं की पाणी गळायचं आणि भुवईपर्यंत ठणका लागायचा. आईनं दुधाच्या घड्या ठेवून पाहिल्या, गुलाबपाणी घातलं. शेवटी अनंतराव एक दिवस तहसील कचेरीतून लवकर उठले आणि पोरीला घेऊन वजिराबाद पेठेत गेले. हैदराबादेहून शिकून आलेले डोळ्यांचे एक डॉक्टर तिथं बसत.

डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"आतला पडदा सुजलाय," ते म्हणाले. "चिकटला तर नजर जाते. या थेंबांनी बाहुली मोठी राहील, पडदा चिकटणार नाही."

तपकिरी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. थेंब फक्त डाव्या डोळ्यात, एकच. टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं, तोंड सुकतं, छाती धडधडते. मग हात धुवायचे. उन्हात जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, कारण जवळचं धड दिसणार नाही. डोळा फार दुखला, ओकारी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर तसंच निघून यायचं.

"आणि चांगल्या डोळ्याला ही बाटली दाखवायची पण न्हाई," डॉक्टर म्हणाले. "धोतऱ्याच्या जातीचं औषध हाय हे."

थेंबांनी ठणका कमी झाला. पण आरशात पाहिलं तर डावी बाहुली काळ्या मण्याएवढी आणि उजवी मोहरीएवढी. दोन वेगळ्या माणसांचे डोळे एका तोंडावर बसवल्यासारखं दिसायचं. इंदूला त्याचं काही वाटलं नाही. आताशा तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. दोन वर्षं पाहुणे येत होते, पोहे खाऊन जात होते. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

त्यातच लातूरहून निरोप आला. अवधूतराव म्हणून मुलगा, गंजगोलाईजवळच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर. बिजवर होता, पहिली बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही. शुक्रवारी सुटीच्या दिवशी मामांना घेऊन पाहायला येणार होता.

"ह्या असल्या डोळ्यांनी पोरीला पुढं कसं बसवू?" आई म्हणाली. "दोन्हीत टाकू. सारखे तरी दिसतील."

"डॉक्टर नको म्हणाले होते."

"एका दिवसानं काय होतंय?"

इंदूनं मान मागं टाकली. आईनं घाईघाईत दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. हात थरथरला तसे जास्तीचेही पडले. कोपरा दाबायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. थोड्या वेळानं इंदूच्या घशाशी कडू आलं. जीभ टाळूला चिकटायला लागली.

पाहुणे आले तेव्हा दुपार झाली होती. अंगणातलं ऊन बैठकीत शिरून भिंतीवर पसरलं होतं, आणि इंदूला ते चुन्याच्या पाण्यासारखं सगळीकडून अंगावर येत होतं. हातातलं तबक तिला धड दिसेना. सतरंजीवर बसलेल्यांची तोंडं ओल्या बोळ्यानं पुसलेल्या पाटीसारखी. काळी टोपी अवधूतरावांची, रुमाल मामांचा, कोट बाबांचा, एवढंच कळत होतं.

सतरंजीच्या टोकाला एक बाई बसली होती.

तिचं मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. हिरवं इरकली लुगडं, पदराच्या काठातला एक उसवलेला धागा, हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका. नथीतला एक मोती टवका उडालेला. इतक्या जवळचं आपल्याला दिसायला नको, हे इंदूला कळत होतं. तरी दिसत होतं. बाईचे डोळे पार काळे होते, कडेला दुसरा रंगच नव्हता. ती इंदूकडं पाहत होती आणि सुकलेल्या ओठांवरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवत होती.

इंदूनं मामांपुढं बशी ठेवली, अवधूतरावांपुढं ठेवली. तिसरी बाईपुढं ठेवली.

"इंदू, इकडं," अनंतराव हलकेच म्हणाले.

"राहू द्या तिथंच," अवधूतराव म्हणाले. आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

मामांनी उगाच घसा खाकरला, स्वयंपाकाचं विचारलं, वाचता येतं का विचारलं. इंदू उत्तरं देत राहिली. तिचं काळीज जोरजोरात उडत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं ती ते नुसतं ऐकत होती.

"मला एकच विचारायचंय," अवधूतराव म्हणाले. "ह्या बैठकीत हिरवं काय हाय, तेवढं सांगा."

अनंतराव हसले. बैठकीत पांढऱ्या भिंती होत्या, लाल सतरंजी होती. हिरवं काहीच नव्हतं.

"त्यांचं लुगडं," इंदू म्हणाली.

मामांच्या हातातली बशी खाली ठेवताना वाजली. आत आईच्या बांगड्याही थांबल्या.

"मला पसंत हाय," अवधूतराव म्हणाले, आणि उठून जोडे घालायला गेले.

संध्याकाळपर्यंत इंदूचं तोंड लाल झालं. ती हवेतले धागे वेचायला लागली, तेव्हा अनंतराव आणि आई तिला टांग्यात घालून डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर आईवर तापले. त्यांनी डोळे बोटांनी दाबून पाहिले, थेंब बंद केले, रात्रभर तिला तिथंच ठेवून घेतलं.

"रक्तात गेलं होतं औषध," सकाळी ते म्हणाले. "अशात माणसाला नसलेलं दिसतं. नशीब, डोळे वाचले."

इंदूला ते पटलं. हळूहळू बाहुल्या लहान झाल्या, सुईत दोरा ओवता यायला लागला. बाबांनी तिला एकदा विचारलं, "इंदू, तुझ्या मनात काय हाय? नको म्हणलीस तर अजून कळवता येतं." तिनं मनात पाहिलं. तिथं काही सापडलं नाही. "चालतंय," ती म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. मोटार लोह्यावरून, अहमदपुरावरून धूळ उडवत लातूरला आली. घर लहानच होतं, दोन खोल्या आणि मागं अंगण. दिवसभर गंजातल्या, बाजाराच्या गाड्यांचा आवाज यायचा. अवधूतराव कधी रागावले नाहीत, कधी हात उगारला नाही. बोलायचे मात्र फार थोडं. जेवताना मधूनच थांबून खोलीतल्या रिकाम्या जागी पाहायचे, मग पुन्हा घास घ्यायचे. सौदामिनी हे पहिलीचं नाव इंदूला शेजारणीकडून कळलं. दुसरीचंही ती सांगणार होती, पण अवधूतराव दारात आले तशी उठून गेली.

आषाढातल्या एका शुक्रवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, अवधूतरावांनी कोटाच्या खिशातून तसलीच तपकिरी बाटली काढली.

"एकदाच," ते म्हणाले. "घरात कुठं बसलीय, तेवढं सांग."

"कोण?"

"तुला ठाऊक हाय."

"डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा टाकलं तर डोळे जातील. जीव पण जाईल."

"दोनच थेंब. मीच टाकतो."

त्यांचा आवाज मऊ होता. शाळेतल्या पोराला समजावत असावेत तसा. इंदूला वाटलं, आता आपल्याला भीती वाटायला पाहिजे. तिनं वाट पाहिली. भीती आली नाही. तिनं मान मागं टाकली.

त्यांचा हात जराही थरथरला नाही.

मग दोघं सतरंजीवर समोरासमोर बसून राहिले. गंजातली एक गाडी करकरत गेली. इंदूचं तोंड सुकत गेलं. अंगणाचा उजेड उंबरा ओलांडून आत आला आणि पांढरा होत गेला. अवधूतरावांचं तोंड समोर असून पुसलं गेलं.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

इंदू त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं पाहत होती.

"कुठं बसलीय?"

"कोणती?" इंदू म्हणाली.

अवधूतरावांनी मागं वळून पाहिलं नाही. बाटलीला सावकाश बूच लावलं.

"दोघी हायेत का?"

"हाव."

"कुणाकडं पाहून राहिल्या?"

भिंतीशी टेकून बसलेल्या, पार काळ्या डोळ्यांच्या त्या दोघी जरा जरा बाजूला सरकत होत्या. मधे एका माणसापुरती जागा झाली, तेव्हा त्या थांबल्या.