सावरीच्या थांब्यावरची घंटी

पहिल्याच भेटीत रंजीतानं त्याला झापलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

चंद्रपूरहून मूल गावाच्या रस्त्याला लागलं की सावरीचा थांबा येतो. यंदा तिथं रस्त्याच्या मधोमध एक फलाट बांधला होता, बसच्या आतल्या तळाएवढा उंच. त्यासाठी सध्या एकाच बसला उजव्या अंगानं एक जास्तीचं दार. पायऱ्यांची भानगडच नाही. उतारानं फलाटावर यायचं आणि या खोलीतून त्या खोलीत जावं तसं सरळ आत. फलाट सध्या परीक्षेपुरता होता. पास झाला तर असे आणखी बांधणार, नापास झाला तर हाही उचलणार.

फाल्गुनातली सकाळ होती. सावरीची लाल फुलं फलाटभर पडलेली, आणि दार उघडलं तर समोर एक तरुण घड्याळ धरून उभा. चढतही नाही, सरकतही नाही.

"याचं असन तर या, नाई तर बाजूले व्हा," कंडक्टर रंजीता म्हणाली.

"याचं नाई मॅडम... मोजून राह्यलो. दार उघडलं का घड्याळ चालू, तुमची घंटी वाजली का बंद."

आदेश त्याचं नाव, वरोऱ्याचा. पंधरा दिवस हीच ड्यूटी. जुन्या पायऱ्यांच्या थांब्यावर बस सरासरी बेचाळीस सेकंद थांबायची. फलाटावर किती थांबते, त्यावर फलाटाचं नशीब ठरणार होतं.

त्या फलाटाची सगळ्यात जास्त गरज होती भाजीवाल्या गुणाबाईला. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसमध्ये चढवायचं तर दोघांनी वरून ओढायचं, एकानं खालून ढकलायचं. त्या लाजेपायी तिनं मूलच्या बाजारात भाजी नेणंच सोडलं होतं. फलाट झाला त्या दिवशी ती टोपलं घेऊन आपल्या पायांनी आत आली, खिडकीपाशी बसली आणि रंजीताला हळूच म्हणाली, "आज मले कोनी हात नाई लावला."

आता आदेशचं ऐका. तो फलाटाच्या काठावरची फुलं पायानं बाजूला सारायचा, कुणी घसरू नये म्हणून. गुणाबाईचं टोपलं उतारावर दिसलं की घड्याळ दातात धरून धावायचा. रंजीता सव्वीस वर्षांची, आईनं आणलेली तीन स्थळं तिनं चहा संपायच्या आत परत पाठवलेली. आणि तीच रंजीता आता सावरीचा थांबा आला की वेणी पुढं घ्यायला लागली. दिवसाच्या चार फेऱ्या, म्हणजे चार भेटी. घंटीची दोरी हातात असायची, पण हात काही खाली येत नसे. कधी तिकिटाच्या मशीनचा कागदच तपास, कधी उगाच "कोनी राह्यलं का?" विचार.

"दोरी अडकली का वो बाई?" आरशात पाहत ड्रायव्हर श्रावणभाऊ विचारायचे. ती घाईनं दोरी ओढायची.

बाराव्या दिवशी आदेशचं तोंड उतरलेलं होतं. सरासरी त्रेपन्न आली म्हणाला. जुन्या थांब्यापेक्षा अकरा सेकंद जास्त. फलाट उचलायचं जवळपास ठरलंच होतं. मागून गुणाबाई टोपलं घेऊन आपली सावकाश, ऐटीत आत येत होती.

मूलपर्यंत तिकिटं देताना रंजीताच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. सांगावं तर मुद्दाम बस अडवली म्हणून नोकरीवर गदा येणार, आणि लाज ती वेगळीच. न सांगावं तर गुणाबाई पुन्हा घरी बसणार. परतीच्या फेरीला ती फलाटावर उतरली आणि श्रावणभाऊंकडे दोन मिनिटं मागितली. श्रावणभाऊंनी गाडीच बंद केली.

"ते अकरा सेकंद फलाटाचे नाईत," ती म्हणाली. "माहे आहेत."

"मंजे?"

"लोकं कवाचे चढलेले असतात. मीच घंटी देत नाई... तुमी उभे रायता म्हनून."

आदेशच्या हातातलं घड्याळ चालूच होतं, ते त्यानं बंद केलं.

"खरं सांगू? शेवटचा मानूस चढला का घड्याळ बंद करा, असं माह्या कागदावर लिहून होतं. मीच घंटीपर्यंत थांबत होतो."

"काऊन?"

"घंटी देताना तुमी एक डाव माह्याकडं पाह्यता."

दोघंही साक्षीदार म्हणून बाद! आदेशनं त्याच दिवशी साहेबांना चूक सांगितली, भरपूर बोलणी खाल्ली, जुने आकडे रद्द झाले आणि मोजणी एका मुलीकडे गेली. आता तीनच दिवस उरले होते. शेवटच्या दिवशी मूलला येऊन तुमच्या आईला भेटतो, असं मात्र तो रंजीताला सांगून गेला.

शेवटच्या दिवशी सकाळी बस फलाटाला लागली. गुणाबाई आत आली, बसली. शेवटचा माणूस चढला. तेवढ्यात रंजीताला उतारावरून धावत येणारा आदेश दिसला, नवा शर्ट, केस चोपून बसवलेले. आणखी पाच सेकंद, फार तर सात... तिनं डोळे मिटले आणि दोरी दोनदा ओढली.

बस निघाली. आदेश फलाटावर ओणवा होऊन धापा टाकत होता आणि हसत होता.

"पोरी, सोडून आली न त्याले?" गुणाबाई म्हणाली.

"येतीन ते," रंजीता म्हणाली आणि पुढच्या तिकिटाला लागली.

त्या फेरीचे एकोणीस सेकंद भरले. फलाट राहिला. आदेश दुपारपर्यंत सावरीखाली बसून राहिला, मधल्या दोन साध्या बस त्यानं जाऊ दिल्या. मूलकडे निघालेली रंजीताची बस लागली तेव्हा दारात तोच पहिला होता. मूलचं एक तिकीट मागितलं. तिनं दिलं आणि शेवटचा माणूस चढताच घंटी वाजवली. त्याच्याकडे पाहायची आता घाई नव्हती, तो आतच होता.