पोच

रुसे शहरातल्या लुचेझारकाकांच्या छापखान्यात मरणपत्रकं छापतात. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव आणि शोकाकुल मंडळी. माणूस गेला की ते फाटकाला, झाडाला, बसथांब्याला चिकटवायचं. गावोगावच्या दुकानांतूनही फोटो आणि नाव काकांच्या सर्व्हरकडे यायचं, सर्व्हर पत्रक जुळवून परत पाठवायचा, आणि दुकानदार तिथल्या तिथे छापून द्यायचा. हल्ली मध्येच सगळं अडकत होतं, म्हणून नेटवर्क दुरुस्त करणाऱ्या कामेलियाला बोलावलं होतं.

तिच्याआधी एक जर्मन येऊन गेला होता. "सुरू करू का?" त्यानं विचारलं. काकांनी इथल्या रीतीप्रमाणे मान डावीकडून उजवीकडे हलवून हो म्हटलं, आणि गडी नकार समजून सामान आवरून चालता झाला.

"रस्त्यापर्यंत धावलो गं त्याच्यामागं," काका म्हणाले. "तू तरी पळू नकोस."

"पळणारच आहे. लवकर आटपू दे, मला कोशोवला बाबांकडे जायचंय."

तिचा जीव तिथं टांगला होता. शरदात बाबांच्या हृदयानं दगा दिला होता आणि डॉक्टरांनी थंडीत उंबरा ओलांडायचा नाही म्हणून बजावलं होतं. आणि आज नेमका संत त्रिफोनचा दिवस! आज घरोघरचे पुरुष मळ्यात जाऊन द्राक्षवेल छाटतात, बुंध्याशी वाइन ओततात. सकाळी फोनवर बाबांनी शपथ घेतली होती, घरातच बसतो म्हणून. बाबांच्या शपथा तिला चांगल्या ठाऊक होत्या.

तिनं आपला लॅपटॉप सर्व्हरच्या तारेवर बसवला. त्याचं काम फक्त ऐकायचं. येणारं-जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट टिपायचं, कोणाकडून कोणाकडे आणि कधी. पाकीट मिळालं की समोरचं यंत्र पोच देतं, "मिळालं" एवढंच. पोच नाही आली की पाकीट पुन्हा पाठवतात. अडकाअडकी बहुतेक वेळा इथंच असते.

पण इथं उलटंच होतं. टिपणांच्या यादीत सर्व्हरची पोच आधी, वर होती, आणि ज्याची पोच, ते पाकीट खाली.

घड्याळ चुकलं असेल, तिला वाटलं. मग ती चिडली स्वतःवरच. दोन घड्याळं असती तर चुकली असती. इथं टिपणारं घड्याळ एकच, तिचं.

तिनं तार बदलली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. गावातल्या दुकानानं काही मागण्याआधीच सर्व्हर "मिळालं" म्हणत होता. मग अख्खं पत्रक निघायचं, फोटोसकट. आणि दुकानाची मागणी त्यानंतर यायची, तोच फोटो घेऊन. दुकान गोंधळून अडकत होतं, त्यात नवल ते काय!

"काका, पत्रकं जुनी आहेत का ही?"

"चाळिसाव्या दिवसाच्या आठवणीची असतील. वर्षाची असतील. तोच फोटो पुन्हा लावतात लोक."

तिला हायसं वाटलं. जुना साठा सर्व्हर आपणहून पाठवत असणार. तरी बोटं थांबेनात. तिनं सगळी टिपणं वरपासून खालपर्यंत चाळली. आधी उत्तर, मग प्रश्न. प्रश्न न आलेलं उत्तर एकही नव्हतं.

मग एक दिसलं. नुकतंच गेलेलं, कोशोवच्या दुकानाकडे. त्याची मागणी अजून आली नव्हती.

तिनं पाकिटं जोडून पत्रक उघडलं. फोटो वरून खाली उलगडत गेला. तपकिरी टोपी. एक डोळा उन्हानं मिटलेला. हातात छाटणीची कात्री, मागं उघडी वेल. खाली नाव होतं दोशो स्तामोव. शोकाकुल, मुलगी.

असला फोटो बाबांचा कधी कोणी काढलाच नव्हता. ती टोपी तर तिनंच परवा नेऊन दिली होती.

तिनं फोन लावला. 

"काय गं, मेलो की काय मी?" बाबा हसले. मागं कात्रीची कचकच चालू होती.

"बाबा! बाहेर आहात तुम्ही?"

"जरासाच. फोन फांदीला टांगलाय, बोल तू."

"आत जा आधी. हात जोडते तुमच्यापुढं."

"ओरडू नकोस, ठणठणीत आहे. खोटं वाटतंय? थांब, शेजारच्या मेतोदीनं आत्ता काढलाय फोटो, बघ. तो वाइन आणायला गेलाय."

तिचा फोन थरथरला, फोटो आला. तपकिरी टोपी. मिटलेला डोळा. कात्री.

ती उठून उभी राहिली. एकच गोष्ट सुचत होती तिला. हा फोटो सर्व्हरकडे जाता कामा नये. मागणीच आली नाही, तर उत्तर खोटं पडेल.

"बाबा, फोटो पुसून टाका. कोणाला पाठवू नका."

"आता काय! तोदोर्काला पाठवला केव्हाच. दुकानात तिच्याकडे छापायचं यंत्र आहे ना? म्हटलं, छान आलाय, छापून दे, भिंतीला लावतो. ती म्हणाली, काळी चौकट येईल हो दोशो. म्हटलं, येऊ दे, कापून टाकीन." ते पुन्हा हसले. कचकच, कचकच.

"तिला थांबवा! बाबा, आत्ताच्या आत्ता!"

कात्री थांबली.

"बाबा?"

फोनवर वारा होता. फांदी फोनला घासत होती.

"बाबा, बोला ना!"

काका सर्व्हरच्या पडद्याशी वाकले होते. कामेलियानं फोन कानाला घट्ट धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, कोशोवहून काही आलंय का?"

लुचेझारकाकांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली, डावीकडून उजवीकडे.