डावीकडच्या खिडकीतला उजेड

रशियातल्या यारोस्लाव्ल शहराच्या थंडीत उघड्यावर चित्र काढायचं म्हणजे रंगाआधी बोटंच गोठायची. म्हणून लाव्रेंतीनं चर्चच्या अगदी समोर, माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. हिरवे घुमट, कोरीव विटा, दारावर रंगीत फरशांची नक्षी. ते चर्च म्हणजे नटूनथटून बसलेली नवरीच. घरमालकीण अग्राफेना रोज चहा घेऊन यायची आणि फुकटचा सल्ला देऊन जायची.

"घुमट जरा हिरवा करा की, लाव्रेंती पावलोविच. हा शिळ्या काकडीसारखा दिसतोय."

तिचा एकुलता एक येफीम तुर्कांवरच्या लढाईला गेला, तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. चर्चमध्ये जिवंत माणसांसाठी मेणबत्ती लावायची ती उजव्या भिंतीशी, मेलेल्यांसाठी डाव्या. शेजारणी म्हणायच्या, बाई गं, आता तरी डावीकडे लाव, पोराच्या आत्म्याला शांती मिळू दे. अग्राफेना मात्र उजवीकडेच लावायची. लोकांचं काय जातंय बोलायला?

एका सकाळी चहाचा पेला हातात घेऊन ती चित्रापुढे थबकली.

"डावीकडच्या खिडकीत उजेड का काढलात?"

लाव्रेंतीनं वाकून पाहिलं. बाजरीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. खिडक्या तर त्यानं सगळ्या काळ्या रंगवल्या होत्या. चुकून कुंचला लागला असेल, असं म्हणून त्यानं तो खरवडला आणि वर काळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा तिथंच होता, ओला. त्या रात्री त्यानं खोलीला आतून कुलूप घालून किल्ली उशाशी घेतली. सकाळी ठिपका होताच. शिवाय चित्रातल्या बर्फावर आता त्याची फिकट तिरीपही पडली होती.

"मावशी, शपथेवर सांगतो, हे मी काढलेलं नाही."

"ते कळलंय मला," अग्राफेना म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "विझवा तो. आणि उजवीकडे लावा. तुमच्या हातानं लावा."

लाव्रेंतीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं कुंचला उचलला. त्यानं डावी खिडकी काळी केली आणि उजवीत पिवळा ठिपका दिला.

डावीकडे पुन्हा उजेड आला नाही.

दोन दिवसांनी दुपारी तो बाजारातून परतला. स्वयंपाकघरात रसरसलेल्या चुलीला अगदी खेटून लष्करी कोटातला एक पोरगा बसला होता. पुढ्यात कोबीचं सार, काळा पाव.

"हा माझा येफीम," अग्राफेना म्हणाली. "आला की नाही?"

लाव्रेंतीला मनापासून आनंद झाला.

"केव्हा आलास रे?"

"सकाळीच," पोरगा हळूच म्हणाला.

चुलीची धग दारापर्यंत येत होती. येफीमच्या खांद्यांवरचा बर्फ मात्र तसाच होता. कोरडा, भुरभुरीत.

अग्राफेनानंही तो पाहिला होता. लाव्रेंतीकडे न बघता तिनं लेकाचं स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू दाराकडे ओढलं.

"इकडे बस राजा," ती म्हणाली. "चुलीपासून लांब."