माघातला फणस

दोडक्याच्या सालींची चटणी चमचाभर उरली तरी कुमुद शेट्ये टाकत नसत. देवरुखच्या त्यांच्या परसात जे पिकेल ते रांधायचं आणि उरेल ते डब्यात भरून काचपेटीत ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

काचपेटी दिसायला फ्रीजसारखीच. पण फ्रीजच्या बर्फकप्प्यात भाजीतल्या पाण्याचे टोकदार स्फटिक होतात, त्यांनी पेशी फाटतात आणि बाहेर काढलेलं पडवळ पचपचीत लागतं. काचपेटी पाण्याला स्फटिक बांधायची उसंतच देत नसे. सूक्ष्म कंपनं देत ती त्याला काचेसारखं थिजवी. पदार्थ ठेवला तसा बाहेर येई, अगदी वासासकट.

त्यांच्या मुलीला, केतकीला, या डब्यांची लाज वाटे. मैत्रिणी आल्या की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेई.

माघात केतकीचा साखरपुडा ठरला. कोल्हापूरहून मुलाकडची मंडळी वेळेवर पोचली. तिकडच्याच आचाऱ्याचा जेवणाचा टेम्पो मात्र त्यांच्या मागे घाटात अडकला. टँकर उलटून रस्ता बंद झाला होता.

"हॉटेलात विचारू?" अनंतरावांनी बायकोला विचारलं.

"एवढ्या माणसांचं आयत्या वेळी कोण देणार? तुम्ही भात टाका," म्हणत कुमुदताईंनी काचपेटी उघडली.

भराभर डबे वाफेवर चढले. श्रावणातल्या अळूवड्या, भाद्रपदातल्या जून काकडीचं गूळ घालून भाजलेलं धोंडस, लाल भोपळ्याच्या घाऱ्या, कोवळ्या फणसाची भाजी. शेजारच्या रुकैया मुकादम आपल्या पेटीतला आमरस घेऊन आल्या. घरभर वास सुटला.

"आई, पाहुण्यांना शिळं वाढणार?" केतकी कुजबुजली.

"वाढणार. आणि सांगून वाढणार."

"सांगू नकोस ना. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच सांगायचं."

पानं वाढून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि घडलं ते सांगितलं. कुठला पदार्थ कुठल्या महिन्यातला, तेही सांगितलं. घासासाठी उचललेले हात थबकले. सगळे सगुणाबाईंकडे बघू लागले. त्या मुलाच्या आत्या. रात्रीची भाकरी सकाळी तोंडाला न लावणाऱ्या.

"ही भाजी कवाची?" त्यांनी विचारलं.

"चैत्रातली. फणस उतरवला त्याच दिवशी केलेली."

सगुणाबाईंनी भाजी हुंगली, बोटांनी दाबून पाहिली आणि घास घेतला. त्या बराच वेळ चावत राहिल्या. केतकीने आईचा पदर घट्ट धरला होता.

"वाढा आणि थोडी," त्या म्हणाल्या.

मग कुणी कुणाला आवरेना. माघाच्या गारव्यात आमरसाच्या वाट्या पुन्हा पुन्हा पुढे आल्या. नवरा मुलगा धोंडस कशाचं म्हणून विचारत होता, आणि केतकी त्याला काकडी किती जून लागते ते ऐटीत समजावत होती. आईला न विचारताच तिने पुढचे डबे काढायला घेतले. अनंतरावांना दुसऱ्यांदा भात टाकावा लागला.

हात धुऊन सगुणाबाईंनी कुमुदताईंना शेजारी बसवून घेतलं.

"रातभर पडलं की अन्न उतरतं, म्हणून मी शिळं खात न्हाई," त्या म्हणाल्या. "हे तर उतरलंच न्हाई. एवढं महिनं तुमच्यावरनं गेलं, माझ्यावरनं गेलं. मग खरं सांगा विहीणबाई, या भाजीपुरता अजून चैतच हाय का?"